ओतशाळेंतील कामकरी

शेतकऱ्याच्या विहिरीवरील पंप, पिठाच्या गिरणीचें जड चाक, जुन्या शिवणयंत्राचा पायटा, रस्त्यांतील गटाराचें झांकण, मोटारीच्या इंजिनाचा ठोकळा, या वस्तू एकमेकींपासून कितीहि भिन्न दिसल्या तरी त्यांचा जन्म एकाच रीतीनें झालेला असतो. त्यांतील प्रत्येक वस्तु आरंभीं वाळूंत राखलेली एक पोकळी होती. त्या पोकळींत धातूचा रस आला, थिजला आणि पोकळीलाच वस्तूचें रूप मिळालें. वस्तु वापरणाऱ्याला तिच्यावरील कारखान्याचें नांव वाचतां येतें. परंतु ती पोकळी ज्याच्या हातांनीं घडली त्याचें नांव तिच्यावर कोठेंहि नसतें. ओतकाम करणाऱ्या या निनांवी कामकऱ्याचें काम काय असतें, त्यासाठीं त्याला कोणतें ज्ञान लागतें, आणि त्याच्या शरीराला त्याची कोणती किंमत द्यावी लागते, याचा विचार श्रोत्यांपुढें ठेवणें हा या भाषणाचा हेतु आहे.

लोखंडाचें काम म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लोहाराचा भाता आणि ऐरण उभी राहते. लोहार लोखंड तापवून मऊ करतो व घणाच्या घावांनीं त्याला आकार देतो. तें लोखंड वितळत नाहीं. ओतारी याच्या उलट धातूचा रस करतो आणि आकार देण्याचें काम सांच्यावर सोंपवितो. पितळेच्या घंटा, समया आणि देवांच्या मूर्ति ओतणारे कारागीर आपल्या देशांत फार जुने आहेत. परंतु बिडाचें मोठ्या प्रमाणावरील ओतकाम यंत्रयुगाबरोबर आलें. १७०९ सालीं इंग्लंडांतील कोलब्रुकडेल येथें अब्राहम डार्बी यानें लांकडी कोळशाऐवजीं कोकवर लोखंड गाळण्यांत यश मिळविलें आणि बिडाच्या वस्तू स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. १७९४ सालीं जॉन विल्किन्सन यानें क्युपोला भट्टीचें पेटंट घेतलें. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारें १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. बिडांत शेंकडा २ ते ४ भाग कार्बन मिसळलेला असल्यामुळें तें १२०० अंशांच्या आसपासच रसरूप होतें. एवढ्या उष्णतेला साध्या भट्टींतहि पोहोंचतां येतें, आणि म्हणूनच लहान गांवांतसुद्धां बिडाची ओतशाळा उभी राहूं शकली.

महाराष्ट्रांत या धंद्याचा संबंध पहिल्यापासून शेतीशीं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं बेळगांव येथें आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना वसविला. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या नांगर हांकला गेला होता, अशा खेड्यांतील माणसांच्या हातांत नांगराचा फाळ ओतण्याचें काम आलें. पुढें कोल्हापुरांत उंसाचे चरक आणि तेलावर चालणारीं इंजिनें तयार होऊं लागलीं. त्यांच्या दुरुस्तीपासून सुटे भाग, सुट्या भागांपासून संपूर्ण यंत्र, असा तेथील कारागिरांचा प्रवास झाला. आज उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगांव येथील ओतशाळांतून मोटारींचे व ट्रॅक्टरांचे भाग बाहेर पडतात. वस्तू बदलल्या, पण वाळू, रस आणि माणूस हीं तिन्ही अंगें कायम राहिलीं.

ओतशाळेंतील पहिली विद्या म्हणजे वाळूची विद्या होय. सांच्याची वाळू ही नदीकांठची वाटेल ती वाळू नव्हे. एकसारख्या बारीक कणांची सिलिका वाळू, तिला चिकटपणा यावा म्हणून बेंटोनाइट माती, बिडाचा पृष्ठभाग स्वच्छ उतरावा म्हणून थोडी कोळशाची भुकटी, आणि शेंकडा ३ ते ४ च्या सुमारास पाणी, असें हें मिश्रण असतें. कारखान्यांत त्याला ग्रीन सँड म्हणतात. तिचा रंग मात्र काळा असतो, आणि ‘हिरवी’ याचा अर्थ न भाजलेली, ओलसर एवढाच आहे. ही ओल मोजण्याचीं यंत्रें आतां मिळतात. तरीहि जुना कामकरी मूठभर वाळू हातांत घेऊन दाबतो, मूठ उघडून बोटांचे ठसे पाहतो आणि तो गोळा मधोमध मोडतो. कडा स्वच्छ तुटली व तळहात ओला झाला नाहीं तर वाळू साधली. कडा ढासळली तर पाणी कमी. वाळू हाताला चिकटली तर पाणी अधिक. ही परीक्षा वरवर पाहणाऱ्याला खेळ वाटेल, परंतु पुढील सर्व कामाचें यश आणि कामकऱ्याची सुरक्षितता याच मुठींत असते.

सांचा घडविणाऱ्याला प्रत्येक गोष्ट उलटी पाहावी लागते. वस्तूला जेथें उंचवटा हवा तेथें वाळूंत खळगा हवा, आणि वस्तु जेथें पोकळ हवी तेथें वाळूचा भरीव गाभा हवा. लांकडाचा किंवा धातूचा नमुना खालच्या पेटींत ठेवून त्याभोंवतीं वाळू ठोकून भरावयाची, पेटी उलटवावयाची, दोन पेट्यांच्या मध्यें वाळू चिकटूं नये म्हणून कोरडी भुकटी शिंपडावयाची, वरची पेटी चढवून तीहि भरावयाची, आणि मग पेट्या विलग करून नमुना हलकेच उचलून घ्यावयाचा. या उचलण्यांतच अर्धें कौशल्य आहे. नमुन्याला आधीं हलके ठोके देऊन तो सैल केला नाहीं, किंवा उचलतांना हात किंचित् तिरपा गेला, तर तासाभराची मेहनत ढासळते. बीड थिजतांना आकसतें. म्हणून १ मीटर लांबीच्या वस्तूचा नमुना सुमारें १० मिलिमीटर अधिक लांब करावा लागतो. त्यासाठीं नमुने करणाऱ्या सुताराची मोजपट्टीच निराळी असते. तिच्यावरील प्रत्येक भाग मुळांतच तेवढा वाढवून आंखलेला असतो.

वाळू किती घट्ट ठोकावी यालाहि मर्यादा आहे. ती सैल राहिली तर रसाच्या भारानें सांच्याची भिंत फुगते. फार घट्ट झाली तर आंतील वायूला वाट मिळत नाहीं आणि तो बिडांतच अडकून छिद्रें पाडतो. म्हणून कामकरी बारीक तारेनें वाळूला ठिकठिकाणीं श्वासाच्या वाटा करून देतो. गाभ्याची वाळू अळशीचें तेल, मळी किंवा आधुनिक राळ यांनीं बांधून कडक केलेली असते. रस इतका जड असतो कीं त्यांत वाळूचा गाभा पाण्यांतील लांकडाप्रमाणें वर उचलला जातो, आणि वरची पेटीहि उचलली जाऊं पाहते. म्हणून गाभ्याला नेमकी बैठक द्यावी लागते, आणि पेटीवर वजनें ठेवावीं लागतात किंवा ती आवळून बांधावी लागते. हें सर्व गणित ज्या माणसाला करावें लागतें त्याला ‘अकुशल मजूर’ म्हणणें हा शब्दाचा अपव्यय होय.

भट्टीचें काम हें दुसरें अंग. क्युपोला ही उभ्या नळकांड्यासारखी भट्टी असते. तिच्यांत कोक, कच्चें बीड व मोड, आणि चुनखडी यांचे थर आळीपाळीनें टाकतात आणि खालून वारा फुंकतात. चुनखडी राख व इतर घाण आपल्याशीं बांधून घेते आणि तिची मळी रसावर तरंगते. तळाजवळचें भोंक सळईनें फोडलें कीं रसाची धार बाहेर येते. ती थांबविण्यासाठीं सळईच्या टोंकाला लावलेला चिकणमातीचा गोळा त्या भोंकांत नेमका बसवावा लागतो. धार वाहत असतां तिच्या अगदीं समोर उभें राहून हें करणाऱ्या माणसाला दुसरी संधि नसते. रसाची जात पारखण्याचीहि एक सोपी रीत आहे. पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतून, थंड करून मोडतात. मोडलेल्या जागीं टोंकाकडील भाग पांढरा व बाकीचा करडा दिसतो. पांढरेपणा जितका आंतवर गेलेला, तितकें बीड कडक व यंत्रावर कापण्यास कठीण. करड्या भागांत कार्बन हा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानें वेगळा झालेला असतो. त्यामुळेंच बीड यंत्राचा थरकांप आपल्यांत जिरवून घेतें आणि यंत्राच्या बैठकींना तें इतकें मानवतें. आज पुष्कळ ठिकाणीं क्युपोलाची जागा विजेच्या इंडक्शन भट्टीनें घेतली आहे. त्यामुळें धूर कमी झाला. उष्णतेजवळ उभें राहण्याचें काम मात्र संपलें नाहीं.

ओतण्याचा क्षण हा सर्व श्रमांचा निकाल असतो. लांब दांड्याच्या लॅडलमध्यें सुमारें १३०० ते १४०० अंशांचा रस घेऊन दोन माणसें एका पावलानें चालतात. ओततांना धार मध्येंच तुटतां कामा नये. ती तुटली तर आधींचा रस थिजू लागतो, मागून आलेला त्याच्याशीं एकजीव होत नाहीं, आणि वस्तूंत एक अदृश्य सांधा राहतो. धार फार जोरानें सोडली तर सांच्याची वाळू वाहून जाते. आणि वाळूंत, लॅडलमध्यें किंवा जमिनीवर ओल राहून गेली असेल तर तिचें रूपांतर क्षणार्धांत वाफेंत होतें. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला मूळच्या सुमारें १६०० पट जागा लागते. रसाखालीं कोंडलेली ती वाफ रसालाच उडवून देते. सकाळच्या मुठींतील वाळूची परीक्षा येथें आठवते. एका माणसाची चूक येथें त्याच्या एकट्यापुरती राहत नाहीं. दांड्याचें दुसरें टोंक ज्याच्या हातांत आहे त्यालाहि ती भोगावी लागते. म्हणून ओतशाळेंत माणसें एकमेकांशीं फार बोलत नाहींत, परंतु एकमेकांच्या पावलांकडे फार लक्ष देतात.

या अग्नीचें भय सर्वांना दिसतें आणि म्हणून त्यासंबंधीं कांहीं दक्षता घेतली जाते. ओतशाळेंतील खरा कपटी शत्रु मात्र निराळा आहे. वस्तु थंड झाल्यावर सांचा फोडतात, चिकटलेली वाळू झाडतात, अधिक राहिलेलें बीड छिनीनें तोडतात आणि फिरत्या सहाणेवर कडा घासतात. या कामाला फेटलिंग म्हणतात. येथें कानठळ्या बसविणारा आवाज असतो आणि हवेंत सिलिकेची धूळ असते. जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकांत व घशांत अडते. जी दिसत नाहीं, ती थेट फुप्फुसाच्या शेवटच्या कोशांपर्यंत जाते. तेथें ती विरघळत नाहीं. तिच्याभोंवतीं तंतूंच्या गाठी बनतात, फुप्फुसाची लवचिकता जाते आणि माणसाला दम लागूं लागतो. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. त्याला बरें करणारें औषध नाहीं. काम सोडल्यानंतरहि तो वाढूं शकतो, आणि तो जडलेल्या माणसाला क्षयाची बाधा अधिक लवकर होते. १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें स्फटिकरूप सिलिकेची धूळ ही माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत गणली. भाजल्याचा डाग त्याच दिवशीं दिसतो; धुळीचा डाग दिसण्यास वर्षें लागतात. या विलंबांतच सर्व अन्यायाचें मूळ आहे.

कामकऱ्यांच्या रक्षणासाठीं कायदे झाले नाहींत असें नाहीं. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यानें ७ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा दिवस ९ तासांचा ठरविला. प्रौढांच्या तासांना त्यांत मर्यादाच नव्हती. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९२२ सालीं आठवड्याला ६० तास, १९३४ सालीं बारमाही कारखान्यांत ५४ तास, आणि १९४८ च्या कायद्यानें ४८ तास, अशी ही पायरी उतरत आली. १९२३ च्या कायद्यानें अपघाताची भरपाई मान्य केली. १९४८ च्या कायद्यानें धूळ बाहेर ओढून घेण्याची व्यवस्था, डोळ्यांचें रक्षण, आणि सिलिकोसिसचा रोगी आढळल्यास त्याची खबर देणें, या गोष्टी बंधनकारक केल्या. ब्रिटनमध्यें १९४९ सालींच ओतीव वस्तू साफ करण्यासाठीं वाळूचा मारा करण्यास बंदी घालण्यांत आली.

परंतु कायदा कागदावरून कामाच्या जागेपर्यंत पोहोंचण्याच्या वाटेंत दोन अडथळे आहेत. पहिला अडथळा मजुरीच्या रीतीचा. पुष्कळ ओतशाळांत मजुरी वजनावर किंवा नगावर ठरते. सांच्यांची संख्या वाढली तरच पोट भरणार असेल, तर तोंडावरची पट्टी बांधण्यांत, वाळू भिजवून झाडण्यांत, लॅडल नीट वाळविण्यांत गेलेला प्रत्येक क्षण कामकऱ्याला आपल्याच खिशांतून गेल्यासारखा वाटतो. घाई ही त्याची संवय नसते. ती त्याच्या मजुरीच्या दरांत लिहिलेली असते. त्यांतून पुन्हां वस्तु सदोष निघाली तर तो दोष बहुधा यंत्रावर ती कापतांना, पुष्कळ दिवसांनीं, उघडकीस येतो. वाळू ओली होती, रस थंड होता कीं नमुना झिजलेला होता, याचा निवाडा करण्याचें साधन तोंपर्यंत उरलेलें नसतें. दुसरा अडथळा ठेकेदारीचा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतून आलेला माणूस एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जातो आणि शेवटीं गांवीं परततो. दहा वर्षांनीं त्याला दम लागूं लागला, तर ती धूळ कोणत्या छपराखालची होती हें त्यानें कसें सिद्ध करावें? ज्याचें नांव वस्तूवर नसतें, त्याचें नांव निदान हजेरीपटावर आणि वैद्यकीय नोंदींत असलें पाहिजे, हें मागणें मोठें नाहीं.

यावर कोणी म्हणतील कीं यंत्रें येत आहेत, तेव्हां हा प्रश्न आपोआप सुटेल. यंत्रें आलीं आहेत हें खरें आहे. वाळू कालविणारीं, सांचे दाबून भरणारीं, सांचे पट्ट्यावरून पुढें नेणारीं यंत्रें मोठ्या कारखान्यांत दिसतात. कांहीं ठिकाणीं ओतण्याचें व घासण्याचें कामहि यांत्रिक हातांकडे गेलें आहे. तेथील कामकरी आंकडे व दिवे पाहतो, बटनें दाबतो. परंतु यंत्र एका तासांत शेंकडों सांचे भरतें, तेव्हां ओलाव्याची एक चूकहि शेंकडों वेळां होते. ती चूक वेळींच ओळखणारा माणूस वाळू, वायु आणि रस यांचा स्वभाव जाणणारा असावा लागतो. कौशल्य नाहींसें होत नाहीं. तें हातांतून नजरेंत जातें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ओतकामाचा अभ्यासक्रम आहे. तेथें शिकलेल्या तरुणाची आणि मुठीनें वाळू पारखणाऱ्या वृद्धाची गांठ जेथें पडते, तेथेंच ही विद्या पुढच्या पिढींत जाते. आणि ज्या लहान ओतशाळांत अजून सर्व काम हातानेंच होतें, तेथील माणसांनीं मोठ्या यंत्रांच्या आगमनाची वाट आपल्या फुप्फुसांच्या भरंवशावर किती दिवस पाहावी, हा प्रश्न उरतोच.

यासाठीं जें करावयास हवें तें फार खर्चाचें नाहीं. धूळ जेथें उठते तेथेंच ती ओढून घेणारा पंखा, जमीन कोरडी झाडण्याऐवजीं ओलसर करून झाडणें, नाकातोंडाला नीट बसणारा मुखवटा, ठराविक मुदतीनें छातीची क्ष-किरण तपासणी आणि तिचा कागद कामकऱ्याच्या स्वतःच्या हातांत. मजुरीचा कांहीं भाग तरी नगांच्या संख्येवर नव्हे तर वेळेवर व निर्दोषपणावर. आणि दोष निघाल्यास तो शोधण्याच्या बैठकींत सांचा भरणाऱ्यालाहि बसण्याचा मान. या शेवटच्या गोष्टीनें कारखानदाराचाच लाभ अधिक आहे. कारण वाळूनें काय सांगितलें होतें हें सर्वांत आधीं त्यालाच कळलेलें असतें.

समाजाचेंहि कांहीं कर्तव्य आहे. मुलगा ओतशाळेंत काम करतो हें सांगतांना आईबापांचा आवाज खालीं येतो, आणि तोच मुलगा एखाद्या कचेरींत कागद नोंदवूं लागला तर तो वर चढतो. वस्तुतः दोघांच्याहि कामांत नोंद आहे. एकाची कागदावर, दुसऱ्याची वाळूंत. कागदावरील चूक खोडतां येते. वाळूंतील चूक बिडांत उतरते, आणि पुढें एखाद्या शेतांतील पंपांत किंवा रस्त्यावरील गाडींत ती फुटून निघते. इतक्या जबाबदारीचें काम करणाऱ्या माणसाला स्वच्छ हवा, नेमका दाम आणि सरळ मान मिळणें हा उपकार नसून त्याच्या कामाची रीतसर पोंच होय.